डिराइड म्हणजे चेष्टा

देविका तुळपुळेला लखनौत येऊन चार वर्षं झाली होती, आणि या शहराने तिचं सगळं पचवलं होतं, फक्त आडनाव सोडून. ळ आला की इथल्या भल्याभल्यांची जीभ अडखळायची. दूधवाला तुलपुले म्हणायचा, सोसायटीतल्या बायका तुलपुली म्हणायच्या, आणि निशातगंजच्या क्लासमधली मागच्या बाकावरची कार्टी तर सरळ पुलपुले, म्हणजे लिबलिबीत, मैडम म्हणायची. पाठीमागे, अर्थात. देविका ऐकून न ऐकल्यासारखं करायची. चार वर्षांनी हाताला काम लागलं होतं, आडनावावरून भांडत बसायला तिला वेड लागलं नव्हतं.

नवरा राजेश बँकेत. बदली झाली तशी सांगलीच्या शाळेतली इंग्रजी शिकवण्याची चांगली नोकरी सोडून ती तेलीबागेतल्या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसली. इथल्या शाळांनी अर्ज घेतले, चहा पाजला आणि नंतर फोन केला नाही. कंटाळून कंटाळून ती भिंतींशी बोलायची बाकी राहिली होती. अशात रस्तोगी सर भेटले. सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांची तयारी करून घेणारा त्यांचा क्लास, बहुतेक मुलं हिंदी माध्यमातून आलेली, आणि सगळ्यांचं घोडं इंग्रजीच्या शब्दसंग्रहात अडलेलं.

"एक महीना पढ़ाकर दिखाइए," सर म्हणाले. "आख़िर में टेस्ट होगा। रिज़ल्ट अच्छा आया तो बैच आपका।"

त्याच टेस्टला आणखी एक गोष्ट टांगलेली होती. जो पहिला येईल त्याला पुढचं वर्षभर क्लास फुकट. आणि पहिलं कोण येणार यावर वर्गात कुणाचं दुमत नव्हतं. पहिल्या बाकावर भिंतीच्या बाजूला बसणारी नाहीद. ही पोरगी मलिहाबादहून रोज बसने यायची. थंडीत धुकं असं पडायचं की बस कासवासारखी सरकायची, तरी ही वेळेवर हजर, मफलरमधून फक्त डोळे दिसतायत. वडील दुसऱ्यांच्या आमराया सांभाळायचे. फुकट जागा मिळाली तर शिकायचं, नाहीतर घरी बसायचं, असं तिच्या घरात ठरलेलं होतं. हे तिने देविकाला एकदाच सांगितलं, तेही रडगाणं न गाता, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

देविकाची शिकवण्याची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीचा तिला भारी अभिमान होता. रस्तोगी सरांकडे शब्दांची छापील यादी होती, एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला हिंदी अर्थ, घ्या आणि घोका. देविकाला ती यादी डोळ्यांपुढे नको असायची. ती फळ्यावर आधी वाक्य लिहायची.

"शब्द से सड़क पर मत मिलिए," ती मुलांना सांगायची. "उसके घर जाकर मिलिए। घर में कौन-कौन है देखिए, तब पता चलेगा आदमी कैसा है।"

मुलं हसायची, पण त्यांना ते पटायचं. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं होतं की रिलक्टंट असूनही तो नवी शेरवानी घालून लग्नाला गेला. अर्थ सांगितलाच नाही. असूनही हा शब्द कशाला आलाय, एवढंच विचारलं. नाहीद हळूच म्हणाली, "जाने का मन नहीं था।" बरोबर! मग मन असलेला कोण? विलिंग. मन नुसतं आहे असं नव्हे, उड्या मारतंय, तो कोण? ईगर. एका शब्दाला धरून त्याचे सख्खे, चुलत, आणि त्याच्याशी उभा दावा असलेले, सगळे फळ्यावर यायचे. सख्ख्या भावांमध्येही फरक असतो हे ती ठासून सांगायची. थ्रिफ्टी माणूस काटकसरी, मायझर माणूस चिकट, अर्थ शेजारी-शेजारी, पण एकाच्या घरी सून हौसेने नांदते आणि दुसऱ्याला शिव्या घालते. महिना संपत आला तेव्हा मागच्या बाकावरचीसुद्धा वाक्य वाचून अंदाज बांधायला लागली होती.

फक्त एक दिवस घात झाला.

त्या दिवशी रस्तोगी सर दारात येऊन उभे राहिले. हाताची घडी, नजर घड्याळाकडे. "मैडम, आपका तरीक़ा बढ़िया है, मगर रफ़्तार? लिस्ट तो आधी भी नहीं हुई। और हाँ, अर्थ ज़रा शुद्ध हिंदी में लिखवाइए। परीक्षा में वही आता है।"

देविका चांगलीच वरमली. पोरांसमोर असं बोललेलं कुणाला आवडेल? तिने यादी उचलली आणि सर दारातून हलेपर्यंत भराभर शब्द सांगत सुटली. डिराइड आला, आणि नेमका त्याच्यापुढचा हिंदी अर्थ छपाईत पुसून गेलेला. तोंडावर मज़ाक उड़ाना आलं होतं, चार वर्षं भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत ऐकलेलं. पण ते फारच बाजारी वाटलं. सर शुद्ध मागतायत. तिने क्षणभर विचार केला आणि रुबाबात म्हणाली, "डिराइड, यानी चेष्टा करना।"

कुणी प्रश्न विचारला नाही. सगळ्यांनी माना डोलावून लिहून घेतलं. सरांनीही घड्याळाकडे बघत, अर्धवट ऐकून मान डोलावली आणि निघून गेले. शब्द कसा पहिल्या झटक्यात समजला, म्हणून देविका मनातल्या मनात खूशच झाली.

टेस्ट शनिवारी झाली. पेपर रस्तोगी सरांनी काढलेला, वर्गावर लक्ष ठेवायला देविका. सोमवारी ती क्लासवर पोचली तेव्हा सर त्यांच्या केबिनमध्ये उत्तरपत्रिकांचा ढीग घेऊन बसले होते आणि तोंड कारल्यासारखं झालं होतं.

"बैठिए," ते म्हणाले. "बैच ने नक़ल की है।"

सरांनी एक प्रश्न दाखवला. वाक्य असं होतं की वर्गाने नव्या मुलाच्या उच्चारांना डिराइड केलं आणि तो डोळे पुसत घरी गेला. समानार्थी शब्द निवडा. पर्यायांत मॉक होता, अ‍ॅडमायर होता, रिपीट होता. आणि अख्ख्या वर्गाने, झाडून सगळ्यांनी, एंडेव्हरवर खूण केली होती. एंडेव्हर, म्हणजे प्रयत्न करणं! खाली त्याच शब्दाचा विरुद्धार्थी विचारला होता, तिथे सगळ्यांनी गिव्ह अप लिहिलं होतं. बाकीच्या पेपरात ज्याचे त्याचे वेगळे गुण, वेगळ्या चुका. इथे मात्र सगळे एका माळेचे मणी.

"सही जवाब एक जैसे हों तो पढ़ाई," सर म्हणाले, "ग़लत जवाब एक जैसे हों तो नक़ल। इतने साल से क्लास चला रहा हूँ, मैडम।"

देविका बघतच राहिली. हा मूर्खपणा यांच्या डोक्यात कुणी भरला? एंडेव्हरचा आणि डिराइडचा काय संबंध? तिला पोरांचा असा संताप आला की बस.

"सबने उसी से उतारा होगा जो सबसे तेज़ है," सरांनी नाहीदची उत्तरपत्रिका वर काढली. गुण सगळ्यांत जास्त, आणि एंडेव्हरवर तीच खूण. "पहली बेंच, सबको दिखता है। इसका पेपर रद्द। सीट भी इस साल किसी को नहीं। वालिद को कल बुलाया है, बात कर लूँगा।" मग देविकाकडे बघून आवाज मऊ केला. "आप फ़िक्र न करें। आप नई हैं, ध्यान नहीं गया होगा। बाक़ी रिज़ल्ट बहुत अच्छा है। बैच आपका पक्का समझिए।"

म्हणजे देविकाचं सगळं नीट झालं होतं. नोकरी हातात. तरी तिला ते गोड लागेना. तिने नाहीदला व्हरांड्यात गाठलं.

"किसी को दिखाया तूने?"

नाहीदचा चेहरा पांढराफटक पडला. "नहीं मैडम। क़सम से।"

"फिर डिराइड का ऐसा जवाब कहाँ से आया?"

"जो आपने बताया, वही लिखा।"

"मैंने? मैंने तो चेष्टा करना बताया था!"

"जी मैडम," नाहीद कळवळून म्हणाली, "वही तो लिखा है।"

देविकाला वाटलं, पोरगी चक्क तोंडावर खोटं बोलतेय. वरून उलट उत्तर! ती पाठ फिरवून चालती झाली. नाहीद मागे उभी होती, तिच्या हाका आल्या दोनदा, पण हिने वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर ती मटार सोलायला बसली. हिवाळ्यात लखनौमध्ये स्वस्त मिळतो म्हणून राजेश पिशवी भरभरून आणायचा आणि सोलायचं मात्र हिने. राजेश चहा पीत होता, जुई पुढ्यात वह्या पसरून बसली होती. जुई त्यांची मुलगी, नववीत. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. देविकाने झालं ते सगळं सांगितलं. राजेशने कप ठेवला, हाताची घडी घातली आणि हुबेहूब रस्तोगी सरांसारखा नाकातून बोलला, "बैच आपका पक्का समझिए, पुलपुले मैडम!"

"अहो, चेष्टा पुरे हं," देविका करवादली. "माझं डोकं उठलंय आधीच."

जुईने वहीतून मान वर केली. "मम्मा, पापा तो कोशिश कर ही नहीं रहे। मज़ाक कर रहे हैं।"

"कोशिश कोण म्हणालं? मी चेष्टा म्हटलं."

"वही तो। चेष्टा मतलब कोशिश। हमारी हिंदी वाली मैम रोज़ बोलती हैं, चेष्टा करो बच्चो, चेष्टा करो।"

देविकाच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"काय म्हणालीस?"

"एंडेव्हर, मम्मा। अटेम्प्ट।" जुईला आईचा चेहरा बघून गंमत वाटायला लागली. "आप छोटे में मुझे बोलती थीं न, जुई, चेष्टा पुरे? मुझे लगता था आप बोल रही हो, बस, अब और कोशिश मत कर। मैं सोचती थी, कैसी मम्मा है!"

राजेश खो खो हसला. देविकाला हसू येईना. तिच्या डोळ्यांपुढे अख्खा वर्ग उभा राहिला, माना डोलावून लिहून घेणारा. अरे देवा! सरांच्या यादीत एंडेव्हरचा अर्थ चेष्टा करना असाच छापलेला असणार. डिराइड म्हणजे चेष्टा, एंडेव्हर म्हणजे चेष्टा, मग दोघं सख्खे भाऊ. आणि चेष्टा करण्याच्या उलट काय, तर सोडून देणं. पोरांनी अगदी तिने शिकवल्याप्रमाणे केलं होतं. शुद्ध हिंदी म्हणून तिने ठेवणीतलं काढलं ते सांगलीचं मराठी निघालं, आणि त्या बिचाऱ्या पोरीला ती व्हरांड्यात खोटारडी ठरवून आली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

"मी उद्या सरांना सांगते," ती म्हणाली.

राजेशचं हसू ओसरलं. "अगं, पण म्हणजे तूच चुकीचं शिकवलंस असं होणार. हिंदी माध्यमाच्या पोरांना हिंदी न येणारी बाई ठेवेल का तो? चार वर्षं बघतोय मी तुला. कशाला अंगावर घेतेस? त्या मुलीचं आपण दुसरं काहीतरी बघू."

"काय बघणार? तिचे वडील उद्या येतायत. तिने कॉपी करू दिली असं ऐकून ते घरी घेऊन जातील तिला. मग बघत बसा."

राजेश शेंगांची परात स्वतःकडे ओढून सोलायला लागला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हे देविकालाही कळत होतं, आणि म्हणूनच तिला अधिक धास्ती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा नाहीदचे अब्बू केबिनमध्ये आलेलेच होते. खुर्चीच्या कडेवर बसलेले, गुडघ्यावर कानटोपी, शेजारी पेरूंची थैली. रस्तोगी सर त्यांना सांगत होते की मुलगी हुशार आहे, पण इतरांना उत्तरं दाखवणं वाईट. नाहीद दाराशी मान खाली घालून उभी होती. देविका आत शिरली तरी तिने वर पाहिलं नाही.

"सर, इन बच्चों ने नक़ल नहीं की," देविका उसनं अवसान आणून म्हणाली. "ग़लती मेरी है।"

"मैडम, आप दिल की अच्छी हैं, मगर..."

"दिल का सवाल नहीं है। आप दो मिनट के लिए क्लास में चलिए।"

सर कुरकुरत उठले. अब्बूही उठले, थैली हातात धरूनच. चौघं वर्गाच्या दारात आली तशी कुजबूज थांबली. देविका फळ्यापुढे उभी राहिली.

"डिराइड मतलब?"

"चेष्टा करना!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"चेष्टा करना मतलब?"

"कोशिश करना!"

"ये डिराइड का मतलब किसने बताया?"

आता मात्र कुणी ओरडलं नाही. बाईंचं नाव घ्यायचं कसं? शेवटी मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "आपने, मैडम।"

देविका सरांकडे वळली. "सर, मेरी मराठी में चेष्टा करना मतलब मज़ाक उड़ाना। किसी की खिल्ली उड़ाना। मैं समझी हिंदी में भी वही होगा। आपने शुद्ध हिंदी कहा, तो मैंने अपनी तरफ़ से शुद्ध बोल दिया। इन बच्चों ने किसी का नहीं उतारा। सबने मेरा उतारा है।"

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग एक एक करून उलगडल्या. ते काही बोलणार तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि वर्गात हशा पिकला. देविकाने त्यांना हसू दिलं. हसण्यासारखंच होतं ते. महिनाभर तिने ज्यांना शब्दाच्या घरी जायला शिकवलं, त्यांना ती स्वतःच चुकीच्या घरात घालून आली होती.

हसली नाही ती फक्त नाहीद. ती दारातूनच म्हणाली, "मैडम, एक बात बोलूँ? वाक्य में वो बैठ नहीं रहा था।"

"क्या?"

"लड़का रोते हुए घर गया। कोशिश से कोई क्यों रोएगा? मैंने पहले मॉक पर ही निशान लगाया था। फिर मिटा दिया।"

"क्यों मिटाया?"

"आपने जो बताया था।" नाहीदने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "हमको लगा, वाक्य ग़लत होगा। आप थोड़े ग़लत होंगी।"

बोलायला तोंड उघडलं असतं तर देविकाला रडूच आलं असतं. रस्तोगी सरांनी केबिनमध्ये जाऊन ती उत्तरपत्रिका आणली आणि उजेडात धरली. मॉकपुढे खोडलेली खूण खरंच होती.

सर अन्यायी माणूस नव्हते, हिशेबी होते इतकंच. नाहीदचा पेपर कायम राहिला, सीट तिलाच मिळाली, आणि तेही वर्गासमोर जाहीर झालं. अब्बूंनी सरांचे हात धरले. मग देविकाकडे येऊन थांबत थांबत म्हणाले, "बिटिया नक़ल नहीं करती, ये तो हम जानते थे। मगर अंग्रेज़ी का मामला था, हम क्या बोलते।" पेरूंची थैली त्यांनी आणली होती सरांसाठी, ती देविकाच्या हातात दिली.

देविकाचं काय झालं, तेही सांगतो. सरांनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, आणि फार अदबीने म्हणाले की आपल्यासारख्या ईमानदार बाई मिळणं कठीण, पण ही मुलं हिंदीच्या आधारावर इंग्रजी शिकतात, आणि उद्या पालकांनी विचारलं तर मी काय उत्तर देऊ? पुढे कधी इंग्रजी माध्यमाची बॅच निघाली तर जरूर कळवीन. देविकाला लखनौचा चहा आता चांगला ओळखीचा झाला होता. तिने तो संपवला आणि उठली.

खाली रस्त्यावर ती स्कूटीची चावी शोधत होती. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. चांगलंच वाईट वाटत होतं. इतक्यात जिन्यावरून धडाधड पावलं वाजली आणि नाहीद खाली आली. धाप लागलेली, मफलर एका खांद्यावर लोंबतोय.

"आप जा रही हैं?"

"हाँ। तू अच्छे से पढ़ना। और सुन, अगली बार वाक्य कुछ और बोले और मैडम कुछ और, तो वाक्य की सुनना। मैडम की नहीं।"

"जी।" नाहीद जरा घुटमळली. "आप और कहीं पढ़ाएँगी न?"

"देखते हैं," देविका म्हणाली. "पता नहीं, अब हिम्मत होगी या नहीं।"

"नहीं मैडम, ऐसे नहीं। चेष्टा कीजिएगा।" असं म्हणून नाहीद थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा खोडकर हसू फुटलं. "हमारी वाली।"

देविकाला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदमच. तिने थैलीतला एक पेरू काढून नाहीदच्या हातात दिला. मग स्कूटी सुरू केली, पण घराच्या दिशेने नाही. पुढच्या चौकात आणखी एका क्लासची पाटी तिने येता-जाता पाहिली होती, ती तिकडे वळली.